कमलच्या चुलाणातलं चिपाड

६ जानेवारी, मंगळवार
दुपारी पावणेचार. कुहीकडे गावी आमच्या शेतात साखर कारखान्याचा ट्रक आला आणि गुऱ्हाळामागचा वाळलेल्या चिपाडाचा अख्खा ढीग उचलून नेला. वेळ मुद्दाम लिहिते. उद्या म्हणतील, कुठला ट्रक? भावजय कमल नेमकी दळण आणायला गेलेली. तिचा फोन: "ताई, काहील रसानं भरून हाय अन् चुलाणात घालाले काडी नाही. माये केस घालू काय?"

७ जाने.
रस आंबला. नालीत सोडला. तोडलेला ऊस पडून. भाऊ गेल्यापासून गुऱ्हाळ तिच्या एकटीवर. संक्रांतीचा गूळ हाच तिचा हंगाम.

८ जाने.
कारखान्याचं इथलं शहरातलं, सदर भागातलं ऑफिस. साहेब माझ्या भाच्याच्या वयाचे. कॉफी मागवली. "मॅडम, उसाच्या कचऱ्यापासून आपण वीज करतो. कारखान्याला पुरून उरते, ती बाहेर देतो." म्हटलं, "तुमच्याकडे उरत असेल. आमच्याकडे या उसाचं चिपाड वाळतं तेव्हा पुढचा रस आटतो. कचरा कशाला म्हणता?" हसले. म्हणे, ड्रायव्हरला तुमच्या घरूनच परवानगी होती.

संध्याकाळी कमलला विचारलं. "सकाळी इचाराले आलता, तं मी शेतातला पाला ने म्हटलं होतं. चहाबी पाजला त्याले."

चहा!

१० जाने.
चिपाड परत आलं! कमलचा आनंद फोनमध्ये मावेना. मिळेल त्या बसने गेले. पाहते तर कारखान्यातून नुकताच निघालेला ओला भुसा. त्यांची राक्षसी भट्टी तो गिळते. आमच्या चुलाणात नुसता धूर, डोळे चोळत दोघी बाहेर. "हे वाळाले आठ-पंधरा दिवस लागन, ताई. आभाळ पाहून राहिल्या ना?" वर ड्रायव्हरने तिची सही घेतलेली: ढीग परत मिळाला.
"सही काहून केली?" रागात मीही तिच्याच भाषेत.
"ताडपत्री काढाच्या आधीच मागतली त्यानं."

१२ जाने.
गूळ रांधणारा शामराव गाठोडं बांधून दुसऱ्या गुऱ्हाळावर गेला. कमल काय म्हणून अडवणार? ऊस सुकतोय. इथे घरी बटण दाबलं, दिवे लख्ख. बंद करून थोडा वेळ अंधारात बसले. मूर्खपणा. त्याने काय...

१३ जाने.
उद्या संक्रांत. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, राग आला की आवाज खाली आणि अक्षर सुरेख. सुरेख अक्षरात अर्ज लिहून नेला. शिपाई पोच देईना: "साहेब दौऱ्यावर." टेबलावर ठेवून आले. कमलला सांगितलं, एकवीस तारखेपर्यंत मुदत दिलीय, तर म्हणाली, "तवरिक ऊस थांबन काय, ताई?"

अर्जाचा शेवट इथे उतरवून ठेवते:

'आमचं वाळलेलं चिपाड, ओला भुसा नव्हे, कोणत्या दिवशी परत करणार, हे बुधवार, २१ जानेवारी, सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. कॉफी नको.'