मागच्या गेटवरचा भागीदार

मी, सहादेव बन्सी वाबळे, वय त्रेपन्न, राहणार बेलापूर, तालुका श्रीरामपूर, सर्वप्रथम अशी तक्रार नोंदवतो की हे मृत्युपत्र मला बिनसाखरेच्या चहावर लिहावे लागत आहे. चारी दिशांना ऊस, नाकात मळीचा वास आणि कपात तपकिरी गरम पाणी. नगरच्या डॉक्टरांनी साखर बंद केली, मीठ बंद केले आणि पुढच्या सोमवारी माझी छाती उघडायचे ठरवले. हा चहा किती वाईट आहे हे ज्याला कळते, त्याची शुद्ध आणि बुद्धी जागेवर आहे असे समजावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता, तर हे आधीच लिहून झाले असते.

कलम १. मी अविवाहित आहे. पत्रिका जुळत होती, जीभ जुळली नाही. त्यामुळे मी काही न लिहिता गेलो, तर जे आहे ते सगळे थोरले बंधू आप्पासाहेब यांच्याकडे जाईल. ते होऊ नये म्हणून हा कागद.

कलम २. राहत्या घरातला माझा निम्मा हिस्सा मात्र आप्पासाहेबांनाच. नगरच्या एका साप्ताहिकात मी वीस वर्षे विनोदी सदर लिहिले आणि त्यात 'आमचे थोरले' म्हणून त्यांना यथेच्छ झोडपले. त्यांनी ते एकदाही वाचले नाही. हा सूड मला मान्य आहे. लेखांची कात्रणे त्यांनी रद्दीत घालावीत. शेडमध्ये नेऊ नयेत. अळ्या जवळजवळ सगळे खातात, पण त्यांनाही काही पोट आहे.

कलम ३. अळ्यांबद्दल. मी लोकांना धंदा 'पशुखाद्याचा' सांगतो. हे अर्धे खरे आहे. आम्ही काळ्या सैनिक माशीच्या अळ्या पाळतो. मंगल कार्यालयांतले उष्टे आणि बाजारातला सडका भाजीपाला दळून त्यांना घालायचा. दोनेक आठवड्यांत त्या बोटाच्या पेराएवढ्या होतात. मग त्या वाळवून कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात जातात, तेवढी सोयापेंड आणि सुकी मासळी वाचते.

आम्ही म्हणजे मी आणि चांदभाई इमाम शेख. शाळेत एका बाकावर होतो. धंद्यात पैसे सारखे घातले. जागा माझी, टेम्पो त्याचा. पहिल्या वर्षी टब घरामागेच होते आणि मी त्यांत आमटी जास्त ओतली. खाणे फार ओले झाले की अळ्या घर सोडतात, हे मला सकाळी कळले, तेव्हा त्या भिंत चढून आप्पासाहेबांच्या देवघरापर्यंत पोचल्या होत्या. आप्पासाहेब म्हणाले, "सहादू, तुझी पोरं आवर." ती त्यांच्या कोंबड्यांनी आवरली. अंडी बरी मिळू लागल्यावर आप्पासाहेबांनी तो विषय वाढवला नाही.

टबांची आता तीन शेड झाली आहेत. खाद्याचा एक कारखाना जेवढी वाळलेली अळी द्याल तेवढी घ्यायला तयार आहे, आणखी दोन शेड उभी राहतील. पण कागदोपत्री सगळे माझ्या एकट्याच्या नावे आहे. पाटीही 'वाबळे प्रोटीन'. मी ऑपरेशनच्या टेबलावरून परत उठलो नाही, तर चांदभाईच्या हातात टेम्पोची किल्ली तेवढी राहील.

कलम ४. या कलमाने कोणाला काही मिळत नाही, पण ते वगळता येत नाही.

पुतणी निकिता हिच्या लग्नात माइकवरून माझे नाव 'उद्योजक आणि साहित्यिक' असे पुकारले आणि मला फेटा बांधला. तेवढ्यात चांदभाई गमबूट घालून मांडवात आला. "सहाद्या, मॅनेजरला सांग ना मागचं गेट उघडाया. पुढनं ड्रम नेऊ देईना."

शेजारी कोपरगावचे व्याही बसले होते. त्यांनी विचारले, "हे कोण?"

मी म्हणालो, "उष्टं न्यायला येतो बिचारा." आणि पंगतीतल्या बुंदी-पुऱ्यांची पिशवी त्याच्या हातात ठेवली. "घे, घरी ने."

चांदभाईने आधी पिशवीकडे पाहिले, मग माझ्या फेट्याकडे. "बरं, साहेब," म्हणाला.

नंतर मी हात धुवायच्या नळाशी उभा राहून पाहिले. मागचे गेट उघडले होते. त्याने पिशवीची गाठ सोडली, बुंदी-पुऱ्या ड्रमात ओतल्या, आणि पिशवी झटकून खिशात घातली. प्लास्टिक अळ्यांना चालत नाही.

त्याच आठवड्यात 'कष्टाची लाज कसली' हा माझा लेख छापून आला. अभिनंदनाचे फोन आले. मी ते घेतले.

लग्नाच्या रात्रीच आप्पासाहेब म्हणाले होते, "आरं, पार्टनर हाय म्हनायचं ना. मी काय त्याला पंगतीतनं उठवला असता व्हय?" त्यानंतर मला त्यांच्यावर एक ओळ लिहिता आलेली नाही.

चांदभाईने धंदा सोडला नाही, भांडणही केले नाही. फक्त 'सहाद्या' बंद झाले. "साहेब, अळी तयार हाय." "साहेब, जाळी फाटली." दोन उन्हाळे मी साहेब आहे.

कलम ५. श्रीरामपूर रस्त्याकडेची, वाटणीत मला आलेली अकरा गुंठे बिगरशेती जागा, तिन्ही शेड, वाळवणीचे यंत्र, जाळीचे पिंजरे आणि त्यांतल्या माश्या, अंडी, अळ्या चांदभाई शेख यांना, त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी बद्रुन्निसा भाभींना. हे दान नाही. निम्मे त्यांचेच होते. उरलेले निम्मे कोणाला द्यायचे ते मी ठरवणार. आप्पासाहेब त्या रस्त्याने जाताना मनात प्लॉट पाडतात हे मला माहीत आहे. त्यांनी नजर उसाकडे ठेवावी. मी वाचलो तर मला यातून पळवाट सापडू नये, म्हणून भागीदारीचा करारही आजच करून ठेवला आहे. पाटी रंगवायला दिली आहे: 'शेख-वाबळे'.

कलम ६. बँकेतली ठेव निकिताला. ती अळ्यांची कमाई आहे, हे सासरी सगळ्यांदेखत सांगून मगच घ्यावी.

कलम ७. सत्कारात जमलेले फेटे, टॉवेल आणि टोप्या शेडमधले क्रेट पुसायला घ्याव्यात. निकिताच्या लग्नातला फेटा आधी घ्यावा.

कलम ८. माझ्या दहाव्याच्या जेवणाचे उष्टे शेडवर जाईल. ते पुढच्या गेटने न्यावे.

कलम ९. ~~चांदभाईंचे माझ्याकडे एक ताट येणे आहे. दहाव्याला त्यांना पहिल्या पंगतीत बसवून आप्पासाहेबांनी वाढावे.~~

कलम ९ खोडले आहे. कारण पुढीलप्रमाणे. मसुदा वाचताना वकील पूजाताई म्हणाल्या, "काका, हे मेल्यावर कशाला? चूल तर आतच आहे." म्हणून आज सह्यांच्या आधी मी भाकरी, भरीत आणि वरण केले. चांदभाईंना पाटावर बसवले आणि वाढले. साक्षीदार सुनील घड्याळ पाहू लागले, तेव्हा दुसऱ्या साक्षीदार रंगुबाई म्हणाल्या, "जेवू द्या की. सही काय उडून जाती व्हय?"

चांदभाईने घास घेतला. बराच वेळ चावला.

"सहाद्या, वरनात मीठ न्हाई."

"डॉक्टरांनी बंद केलंय."

"तुझं केलंय. माझं न्हाई."

मी उठून मीठ आणून दिले.

ठिकाण: बेलापूर, जिल्हा अहिल्यानगर (तोंडात अजून नगरच)
तारीख: ११ नोव्हेंबर २०२५, जेवणानंतर

सही: सहादेव बन्सी वाबळे

साक्षीदार:
१. सुनील, मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक. मागच्या गेटची किल्ली यांच्याकडेच असते. (सही)
२. रंगुबाई, शेडवर अळी चाळतात. (डाव्या हाताचा अंगठा)