उभ्याने घेतलेलं माप

दि. ६ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं बरं चाललं असेल असं धरून लिहिते, कारण तू आपणहून काही कळवशील तर शपथ. इकडे ठकीने जिवाला घोर लावलाय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी हॉकीची निवड चाचणी आहे. निवडली गेली तर क्रीडा वसतिगृहात राहणं, जेवण, पुढचं शिक्षण सगळं फुकट. नाही तर माझ्याबरोबर दुकानात, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायला. मालकाने तिची जागा धरून ठेवलीय. तिच्या बाबांचीही हरकत नाही. काम सुटून घरी बसलेला माणूस कशाला हरकत घेतोय. मला मात्र तिला त्या फोमच्या धुळीत खोकताना बघवणार नाही.

पोरगी गोलकीपर. पायाला पॅड लागतात, आणि शाळेचे उंदरांनी खाल्ले. ज्याचे त्याने आणा, असं सरांनी सांगितलं. हेल्मेट तेवढं शाळा देणार. बाजारात किंमत विचारली आणि आल्या पावली परत आले. तेव्हा आता मीच शिवणार. फोमचे तुकडे मालक देतो म्हणाला, काम संपल्यावर मशीनही देईल. तुझ्या बुटांच्या कारखान्यात तळव्याच्या जाड रबराची कातरणं पडत असतील, ती पाठव. बकलंही. नाही म्हणू नकोस, मला दुसरं कोण आहे?

तुझी,
ताई

दि. १४ जानेवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं. लहानपणी तू माझ्या चड्डीला लावलेलं ठिगळ मी बसलो की उसवायचं, आणि आता तू पॅड शिवायला निघालीस. रबर आणि बकलं सोबतच्या पिशवीत आहेत. नुसत्या फोमच्या भरवशावर राहू नकोस, हॉकीचा चेंडू म्हणजे दगड. मी फोम पायाला बांधून शेजारच्या मशीनवाल्याला चेंडू मारायला सांगितला. त्याने गेल्या जन्मीचा राग काढला. नडगी टम्म सुजली. मग वरून रबर बांधलं, तेव्हा नुसता आवाज आला. म्हणून रबर बाहेर, फोम आत.

आणखी एक. माप बसवून घेऊ नकोस. आमच्याकडे बसल्या माणसाचं माप घेतलं की जोडा हमखास परत येतो. दोन्ही पायांवर भार देऊन ताठ उभं करायचं, मगच टेप लावायची. तू तर कपड्याचं तसंच घेत आलीस, तुला काय शिकवायचं.

ठकीला सांग, मामा लंगडतोय तो तिच्यामुळे. भाऊजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
धाकटा

दि. ३१ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

झाले एकदाचे. तू म्हणालास तसं ठकीला ताठ उभं करून माप घेतलं. हलली की ओरडले. घोट्यापासून पार अर्ध्या मांडीपर्यंत. रबरात सुया मोडल्या, बोटांची चाळण झाली. दुपारी शेवटची शिवण मारली आणि मालक दुकानाला कुलूप घालून गावाला गेला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात घालून बघितले. अगदी बेतून दिल्यासारखे बसले. मी लाटणं फेकून मारलं, तर तिला कळलंही नाही. तिचे बाबा कितीतरी दिवसांनी हसले. मी खाली बसून बकलं लावताना विचारलं, कुठे टोचतंय का. तर म्हणाली, झकास आहेत.

धाकट्या, चाचणी उद्या आहे आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. हे नाही झालं तर तिला दुसरं दार नाही रे. मनापासून एकदा तिची आठवण काढ.

तुझी,
ताई

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

नाही घेतलं तिला.

गोलात उभं राहायचं ते वाकून, गुडघे मोडून. हे तुझ्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. तिचा खेळ बघायला मी कधी गेलेच नाही, दुकानातून सुट्टी कुठे मिळते? वाकली की रबराची कड मांडीत घुसायची आणि गुडघा अडायचा. ताठ राहिली की चेंडू पायांमधून आत. शेवटी तिने पॅड सोडून फेकले आणि उघड्या पायांनी उभी राहिली. नडगीवर चेंडू घेऊन अडवले, रक्त आलं. मग पंचांनीच बाहेर काढलं. पॅडशिवाय उभं राहता येत नाही म्हणे.

तुझं ते ताठ उभं करायचं शहाणपण. बूट आणि खेळ सारखे असतात का? पण तुला बोलून काय उपयोग. माझीच अक्कल गहाण पडली होती. आई असून मीच तिच्या पायात खोडा घातला. उद्यापासून शाळा सुटली की ती दुकानात येईल.

ताई

दि. ११ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आईला न सांगता लिहितेय. पाय बरे आहेत, एक निळा आणि एक हिरवा. तुमच्या नडगीचं काय झालं ते कळवा.

मामा, आई तुम्हाला नि स्वतःला सारखे बोल लावते, म्हणून खरं सांगते. मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. आई पाणी आणायला गेली तेव्हा वाकून बघितलं, तर गुडघा वळेना. पण मशीन कुलपात, आणि ते रबर काही हाताने शिवलं जात नाही. सांगितलं असतं तर आई नुसती रडत बसली असती. आणि बाबा हसले होते. म्हणून मी झकास म्हणाले. वाटलं, कसंतरी निभावून नेईन.

दुकानातलं काम येतंय हळूहळू. सीट जिथे दुमडते, तिथे कव्हर दोन तुकड्यांत शिवतात, म्हणजे अडत नाही. आई रोज तेच शिवते. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही, आणि मला दाखवायचं धाडस होत नाही.

पुढच्या वर्षीही मी चाचणीच्या वयात बसते, ती शेवटची संधी. सोबत दोन दोरे आहेत. गोलात वाकते तशी वाकून मीच माप घेतलंय; लाल गुडघ्याच्या वरचा, पांढरा खालचा. रबर दोन तुकड्यांत कापून ठेवा.

आणि आईला लिहा, की चूक सगळी तुमचीच होती. तुम्ही लांब आहात, तुम्हाला झेपेल. आम्ही दोघी एकाच टेबलाशी बसतो, आणि तिची बोटं सारखी माझ्यासमोर असतात.

रागावू नका, लोभ कमी करू नका.

तुमची,
ठकी