आजऱ्याच्या हवेत आक्काची फुंकर

राजारामपुरी, कोल्हापूर
१९ जानेवारी २००२

तीर्थस्वरूप दाजींना बसवराजचे शरणार्थ.

मी सुखरूप पोचलो. आपली, म्हशीची आणि आक्काची प्रकृती बरी असावी. (पुन्हा वाचताना आक्का म्हशीच्या मागे गेलेली दिसली. खटकलं, पण जे लिहिलं ते लिहिलं.)

आठ दिवस मी आजऱ्याला का आलो हे आपल्याला धड सांगितलं नव्हतं. ‘हवापालट’ म्हणालो, ते अर्धंच खरं. आमच्या गॅलरीखाली रिक्षाथांबा आहे; धूर सरळ वर येतो, दोरीवरचा पांढरा बनियन संध्याकाळपर्यंत करडा होतो आणि मी सहा वर्षं खोकतोय. डॉक्टरांनी फुंकायची नळी दिली. जोरात फुंकलं की काटा सरकतो. जितका पुढे, तितकी छाती मोकळी. रोज दोनदा आकडा वहीत लिहायचा. आजऱ्याच्या हवेत काटा किती पुढे जातो, एवढंच मला बघायचं होतं. (वीसच गेला. पन्नास लिहायचा मोह झाला, लिहिलं नाही.)

शनिवारी जेवणानंतर सगळ्यांनी नळी फुंकून बघितली. मी दरवेळी ती गरम पाण्यानं धूत होतो आणि सगळ्यांचे आकडे वहीत लिहीत होतो. आपण तंबाखू थुंकून आलात आणि चारशे साठ काढलेत. माझे साडेतीनशे. मग आपण म्हणालात, “आता बघा पावणं, आमची पैलवान. तीस वर्षं चुलीत फुकणी मारतीया.” मलाही तेच वाटत होतं, एवढा सराव दुसऱ्या कुणाला असणार? आक्कानं पदर खोचून फुंकलं. एकशे चाळीस. नळी बिघडली म्हणून मी झटकली, स्वतः फुंकली, साडेतीनशेच आले. आक्काला पाच वेळा फुंकायला लावलं (नियमानं तीनदाच), तेव्हा ती खाली बसत म्हणाली, “फुकून फुकून दम संपला की रं सगळा.” आपण दोघं हसलो.

काल डॉक्टरांना वही दाखवली. माझी पानं त्यांनी भराभर उलटली आणि एकशे चाळिसावर बोट ठेवलं. हे कोण? स्वयंपाक कशावर? खोलीला धुराडं आहे? चढावर दम लागून थांबतात का? ‘बहीण’ आणि ‘चूल’ एवढंच मला सांगता आलं. आठ दिवस तिच्यासमोर बसून जेवलो, तरी बाकीचं बघितलं नव्हतं. रस्त्यावरचा धूर आला तर तुम्ही खिडकी लावून घेऊ शकता, ते म्हणाले, यांचा धूर खिडकीच्या आतच आहे.

बाकी इकडे ठीक.

आपला,
बसवराज

ता. क. सोमवारी, २८ तारखेला, सकाळच्या एस.टी.नं आक्काला घेऊन यावं. डॉक्टरांकडे नंबर लावलाय. ‘तिला कुठं काय झालंय’ म्हणायचं असेल, तर ते आपण डॉक्टरांना समक्ष सांगावं.

दुसरा ता. क. आपला गॅस पाहुण्यांच्या चहापुरताच पेटतो, यावर आपल्याला चार शब्द सुनावणार होतो. पण निघताना मी आक्काला कारण विचारलं होतं. ती म्हणाली, “ह्यास्नी न् तुला चुलीवरचीच भाकरी लागती न्हवं?” मी ते त्या दिवशी डायरीत कौतुकानं उतरवून घेतलं होतं. तर तिला सांगा, बसवराजला गॅसवरचीच आवडते. हे खरं नाही, तरी सांगा.