नाव न सांगता

९ नोव्हें., रवि.
दुपारी वाणगावला, नितीनच्या वाडीवर. नेहमीचा रविवार. त्याच्या आईने, काकींनी, कोलंबीचं कालवण केलेलं. जेवताना फोन वाजला. मेसेज: 'तुमच्याशी शरीरसंबंध आलेल्या एका व्यक्तीला सिफिलिस असल्याचं निदान झालं आहे. कृपया तपासून घ्या, उपचार सोपे आहेत. या व्यक्तीने आपलं नाव गुप्त ठेवलं आहे.' खाली साइटचं नाव. गेल्या वर्षी मी आणि नितीनने एचआयव्हीचं घरी तपासायचं किट मागवलं होतं, तीच साइट.

नाव गुप्त म्हणे. माझ्या आयुष्यात एकच व्यक्ती आहे आणि ती समोर बसून माझ्या ताटात कोलंबी वाढत होती.

"कुणाचा रे?" नितीन.

"बँकेचा."

"रविवारी?"

"त्यांना काय दुसरं काम नाय," काकी म्हणाल्या. त्यांच्या लेखी मी मुलाचा मित्र, रानशेतच्या शाळेतले सर. अजून भात वाढला. खाल्ला पण. कसा, कोण जाणे.

११, मंगळ.
शाळेत नुसती चिडचिड. चौथीच्या पोरांवर उगाच ओरडलो.

ही सोय ज्याने काढली त्याचा हेतू चांगलाच असणार. मुंबईत असा मेसेज आला तर माणूस बोटं मोजत बसेल, हा की तो. मला मोजायला दुसरं बोटच नाही. म्हणजे पाठवला नि.नेच. म्हणजे त्याला दुसरं कुणीतरी… पुढचं लिहवत नाही.

संध्याकाळी त्याचा फोन. चिकूला कीड लागलीय, मजूर आले नाहीत, डहाणूला थंडी पडली का. प्रत्येक वाक्यानंतर मी थांबत होतो, आता सांगेल. "चल, ठेवतो" म्हणाला.

आजार गेला चुलीत. त्याने तोंडाने सांगावं. एवढंच हवंय मला.

१३, गुरु.
रजा टाकून तलासरी. डहाणूला तपासायची सोय नाही, तिथे केसपेपर काढायला आमच्या हेडसरांच्या सौ. बसतात.

समुपदेशक बाई वयस्कर, चष्मा नाकावर. "पार्टनर?" "एक." "मिसेस?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "बरं. मग त्यालाही तपासून घ्यायला सांगा हां." 'त्याला' असं सहज म्हणाल्या की मला रडूच फुटलं. त्यांना वाटलं, रिपोर्टला घाबरलो. पाणी दिलं.

एचआयव्ही नाही, तीन महिन्यांनी परत बघायचं. सिफिलिस आहे. लगेच इंजेक्शन, दोन्ही कुल्ल्यांवर. आई गं.

एसटीत उभ्याने आलो. कंडक्टर ओळखीचा. "गुरुजी, गाडी आख्खी रिकामी, बसा की!" शाळेत बसून बसून कंटाळलो म्हटलं. हसला. मी पण हसलो.

१५, शनि.
साइटचा परत मेसेज. 'तपासणी झाली का? तुम्हालाही कुणाला कळवायचं आहे का? तुमचं नाव गुप्त राहील.' रागाच्या भरात नि.चा नंबर टाकला. कळू दे त्यालाही कसं वाटतं. मग खोडला. जेवलो नाही.

१६, रवि.
जाणार नव्हतो. गेलो.

अंगणात गोणपाटावर बसून चिकू निवडायचे होते. मी खाली बसायला गेलो आणि अर्ध्यातच थांबलो. नि. बघत होता. उठून आत गेला, स्वतःच्या पलंगावरची उशी आणली, गोणपाटावर ठेवली. "यावर बस."

काकी: "अरे ती चांगली उशी! तो काय पाहुणा आहे?"

"सरांची कंबर धरलीय, आई."

मी कुणालाच काही बोललो नव्हतो. उशीवर बसलो. काकी पाणी बघायला मागे गेल्या तेव्हा विचारलं, "तुला कुठे दिलं इंजेक्शन?"

चिकूवरून नजर न काढता म्हणाला, "बोईसरला."

"कधी?"

"दिवाळीआधी."

दिवाळीत तापाचं निमित्त करून तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मी रात्रभर त्याच्या कपाळाला हात लावून बघत होतो.

"खूप ट्राय केलं रे मधू. तोंडातून निघेचना. वाटलं, तू जाशील." मग हळूच, "कोण ते सांगू?"

आठवडाभर याच एका गोष्टीसाठी जळत होतो. म्हटलं, "नको." नाव कळलं की त्या दुसऱ्याला चेहरा येणार.

काकी आल्या. तिघांनी मिळून चिकू निवडले. निघताना नि. म्हणाला, "पुढच्या रविवारी येशील ना?" मी चप्पल घालत राहिलो.

२३, रवि.
गेलो नाही. सकाळपासून घर झाडतोय.

आता त्याचा फोन आला. "खाली उभा आहे." डहाणूला माझ्या खोलीवर तो कधीच येत नाही. बाजारात व्यापारी ओळखतात, समोरच्या दुकानात त्याचा मामेभाऊ. म्हणाला, "वर बोलव नाहीतर नको बोलवू. सगळं तोंडाने सांगायला आलोय."

खिडकीतून बघितलं. खरंच उभा आहे, भर रस्त्यात. मामेभाऊ काहीतरी विचारतोय, हा मान हलवतोय पण तिथून हलत नाही.

काय बोलायचं ते ठरवावं म्हणून वही घेतली, तर काहीच सुचत नाही. एवढा राग आहे त्याचा, आणि तो उन्हात उभा आहे याचंच वाईट वाटतंय.