मोंबासाच्या चित्रातले ताईत

मनामा, बहरीन
फेब्रुवारी १९८४

तीर्थरूप महादेवदादांस, धाकट्या पांडुरंगाचा दंडवत. तुमचा गुडघा आणि आईचा खोकला आता बरा असावा. मंगला कशी आहे (स्वतःच्या बायकोची वेगळी चौकशी केली की तुम्ही गालात हसता, म्हणून ओघातच विचारतो)? माझं म्हणाल तर तब्येत बरी, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. भुतंखेतं आपल्या गावच्या पिंपळापुरती, त्यांना विमानात कोण घेतो, अशी माझी समजूत होती. ती फिटली.

बाब अल बहरीनच्या मागल्या गल्लीत आमचं फ्रेमा बनवायचं दुकान आहे हे तुम्हांला ठाऊक आहेच. आजवर मी घोडे, ससाणे आणि मालकाचे अकरा जावई (नातजावई धरून) फ्रेमात बसवले, कधी हात कापला नाही. पण गेल्या पंधरवड्यात मोंबासाहून एक चित्र आलं, इथल्या हॉटेलातल्या प्रदर्शनासाठी. काढणारी जमीला नावाची बाई. चित्र म्हणजे आपल्याला लक्ष्मी, कमळ आणि दोन्हीकडे हत्ती एवढंच माहीत. इथे पडवीच्या दाराएवढ्या फळीवर गोणपाट शिवलेलं, त्यावर लाल माती थापलेली, रेल्वेचे गंजके खिळे ठोकलेले, बायकांच्या लुगड्यांच्या चिंध्या, फाटका नकाशा. आणि त्या सगळ्यातून बाहेर बघणारे काळ्या माणसांचे जुने फोटो, रांगेने चिकटवलेले. त्यांचे डोळे तुम्ही पाहिले नाहीत म्हणून तुम्ही सुखी. मी रंधा मारायला पाठ केली की पाठ गार पडायची.

तेही सोसलं असतं. पण प्रत्येक फोटोखाली सुतळीला एकेक खरीखुरी पत्र्याची डबी लोंबत होती, गळ्यात घातल्यासारखी. मी ओळखलं, ताईत! एवढ्या माणसांना एकदम कुणी ताईत बांधतं का? बांधले असतील तर कशापायी? आणि ती माणसं मेल्यावर ते ताईत इथे माझ्या टेबलावर कशाला? परक्याचा ताईत घरात ठेवू नये, पाण्यात सोडावा, हे आईने आपल्याला लहानपणापासून सांगितलंय. दुकान घर नव्हे हे खरं, पण मी झोपतो त्याच्याच माळ्यावर.

म्हणून शुक्रवारी सुट्टी बघून अंघोळ केली, डब्या कापल्या, तांदूळ-नारळासकट फडक्यात बांधल्या आणि काच कापणाऱ्या अलीमियाँला घेऊन समुद्रावर गेलो. (तो भीत नाही असं म्हणत होता, पण वाटभर माझा सदरा धरून होता.) आता गाऱ्हाणं एकट्याने कसं घालायचं? मी म्हटलं, ‘बा म्हाराजा, ही जी काय इडापीडा परमुलखातसून इली आसा, ती इल्ल्या वाटेक लाव रे म्हाराजा!’ आणि ‘होय म्हाराजा’ म्हणायच्या जागी अलीमियाँ भक्तिभावाने ‘इंशाल्ला’ म्हणाला. गाठोडं बुडालं. त्या रात्री मी घोरलो म्हणतात.

सोमवारी जमीलाबाई स्वतः दुकानात आली. अरबाब, म्हणजे आमचे मालक हारूनशेठ, नमाजाला गेले होते. तिने कापलेल्या सुतळ्या बघितल्या आणि मी हातातला रंधा खाली ठेवला. पासपोर्ट अरबाबच्या कपाटात, व्हिसा त्याच्या हाती. तिने एक शब्द सांगितला की खलास, आणि घराचं नवं छप्पर अर्ध्यावर. खोटं सुचेना म्हणून खरं सांगितलं. मोंबासाला गुजराती दुकानांत वाढल्याने तिला हिंदी येत होतं.

ती ओरडली नाही, त्यानेच मी जास्त घाबरलो. स्टुलावर बसून रडली. मग म्हणाली, ते ताईत नव्हते. इंग्रजांच्या राज्यात तिच्या मुलखातल्या प्रत्येक काळ्या माणसाला तसली डबी गळ्यात घालावी लागे. आत त्याचं नाव, बोटांचे ठसे, कुठल्या साहेबाकडे कामाला ते. डबी नसली की तुरुंग. तिने त्या गावोगाव फिरून, म्हाताऱ्यांच्या हातापाया पडून गोळा केल्या होत्या. एक तिच्या आजोबांची होती. दादा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर तिने माझ्या खिशातल्या ओळखपत्राकडे बोट करून विचारलं, ‘तुम बिना कार्ड बाहर निकलते हो?’

‘नहीं बाई. डर लगता है.’

‘मेरे दादा को भी लगता था.’

एवढं बोलून तिने आमचे पासपोर्टच्या मापाचे फोटो मागितले. माझा आणि अलीमियाँचा घेतला, शेजारच्या शिंप्यांचे, हमालांचे घेतले, आणि त्या कापलेल्या सुतळ्यांना एकेक टांगला. अरबाबला सांगितलं, चित्र पूर्ण झालं. नोकरी वाचली. त्या डब्यांची भरपाई मात्र कशानेच व्हायची नाही, हे मला कळतं.

आईस साष्टांग नमस्कार. मंगलेस काय लिहू, तुम्ही वाचणार.

तुमचा,
पांडुरंग

ता. क. छपराची कौलं मंगलोरीच घ्यावीत.

ता. क. दुसरा. इथल्या रिफा गावात ड्रायव्हर असलेला आपल्या वाडीतला रावजी काल साहेबाला घेऊन प्रदर्शनाला आला होता. चित्रात दोरीला लटकलेला माझा फोटो बघून त्याने राखणदाराला विचारलं, ही कोण माणसं? राखणदार म्हणाला, जे गेले त्यांची आठवण. रावजीने तिथेच हात जोडले, ढसाढसा रडला, आणि माझी कुठे चौकशी न करता, साहेबाकडून रजा घेऊन आज सकाळच्या विमानाने गावी निघाला. मला हे आज दुपारी कळलं. तार करावी तर तार म्हटल्यावर आई न उघडताच टाहो फोडील. पत्र पोचायला दहा दिवस, रावजीला दोन. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण हात धजेना. दादा, मी जिवंत आहे. आधी मंगलेला सांगा, तिच्या कपाळाला कुणाला हात लावू देऊ नका.