भिणं वेगळं, बुजणं वेगळं

आबा, आज मी वर्गात तुमचा धंदा शिकवला. समोर वीस-बावीस तरण्या मास्तरणी बसल्या होत्या, कुणी गेवराईकडची, कुणी केजची, आणि मी, तुमची लेक, खडू हातात घेऊन त्यांना मनाचं शास्त्र सांगत होते. सरकारी कागदावर या गावाला मोमिनाबाद म्हणतात, आपण आंबेजोगाई म्हणतो. तसंच या शास्त्राला आमच्या पुस्तकात नफ्सियात म्हणतात. पुस्तक उर्दूत आहे. ध्यान म्हणजे तवज्जो, सवय म्हणजे आदत, आठवण म्हणजे हाफिजा. हे सगळं घोकून मी परीक्षा दिल्या, पासही झाले. आज धडा होता खौफचा. त्यात परदेशातल्या एका लहानग्याची गोष्ट आहे. ते लेकरू सशाला भ्यायचं. तर तिथल्या शहाण्यांनी काय केलं, ते खायला बसलं की ससा लांब कोपऱ्यात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी थोडा जवळ, तिसऱ्या दिवशी आणखी जवळ. शेवटी लेकरानं एका हातानं खाल्लं आणि दुसऱ्यानं सशाला कुरवाळलं. पुस्तकानं यावर चार पानं खर्च केली आहेत. वाचता वाचता मला हसू फुटलं, आणि पोरी बघायला लागल्या की बाईंना झालं काय.

मग मी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले, भिणं आणि बुजणं. खौफ या एका शब्दात या दोन्हींची भेसळ होते, म्हटलं. दोन्हींतला फरक मला कुठल्या मास्तरानं सांगितला नव्हता, तुम्ही सांगितला होता, गोठ्यात, शेण भरता भरता. "वाघ म्होरं आला की भितंय. वाघ न्हाई, नुस्ती वाघाची जागा हाय, तरी पाय उचलत न्हाई, त्याला बुजनं म्हनत्यात. भ्यालेल्याला पळू द्यावं. बुजलेल्याला शिकवावं लागतं." पोरींनी हे वहीत उतरवून घेतलं, आबा. तुमचं बोलणं शाईनं लिहिलं जाताना मी उभी राहून बघत होते. माझे वडील बुजरे बैल शिकवायचे, असं मी छाती काढून सांगितलं. दूरदूरच्या गावांतून लोक नाठाळ जनावर तुमच्या दारी आणून बांधायचे, बैलाला टोचायची पराणी तुमच्या घरात नव्हतीच, आणि तुमचा आवाज गोठ्यात कधी चढला नाही, हेही सांगितलं. घरात मात्र चढायचा, ते सांगितलं नाही.

त्यांना मी देशमुखांच्या पांढऱ्या बैलाची गोष्ट सांगितली. कडब्यानं भरलेली गाडी ओढ्यात उलटली आणि तो जुवाखाली अडकून पाण्यात तोंड बुडेस्तोवर पडून राहिला, तेव्हापासून ओढा दिसला की जागचा हलत नव्हता. त्याच्या पाठीवर पराणीच्या टोचण्या मोजता येत नव्हत्या. देशमुख म्हणाले होते, पंधरा दिवसांत सुधारला तर ठीक, नाहीतर खाटकाला देतो. मी तेव्हा आठ वर्षांची, अजून लग्न व्हायचं होतं, तुमच्या मागं मागं हिंडायची. तुम्ही त्याला ओढ्याकडं नेता, आणि पाणी अजून लांब आहे तोवरच थांबता. मी विचारते, का थांबलात. तुम्ही म्हणता, त्याच्या पायाकडं बघू नको, कानाकडं बघ, कान टवकारले की आपली हद्द तिथंच. त्या हद्दीवर उभं राहून तुम्ही त्याला सरकी चारता, मान खाजवता आणि परत फिरता. दुसऱ्या दिवशी दोन पावलं पुढं. पाऊल टाकलं की लगेच गुळाचा खडा, आधी नाही की नंतर नाही. आधी दिला तर तो गुळासाठीच उभा राहतो, उशिरा दिला तर कशाबद्दल मिळाला ते विसरतो, असं तुमचं म्हणणं. पुस्तकात हे अगदी असंच आहे, फक्त तिथं गुळाच्या जागी भलताच जडजंबाल शब्द आहे.

आठव्या दिवशी मी घाण केली. तुम्ही कुणाशी तरी बोलत बांधावर थांबला होतात, कासरा माझ्या हातात होता, पाणी पाच-सहा पावलांवर राहिलं होतं. मला वाटलं, एवढ्यासाठी काय थांबायचं, आबांना दाखवू. मी शेपूट पिरगाळलं. बैल उधळला तो थेट गावात जाऊन थांबला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला ओढ्याची वाटसुद्धा धरवेना. आठ दिवसांची मेहनत मी एका क्षणात मातीत घातली. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. तुम्ही मारलं नाही. खाली बसलात, माझ्या तोंडासमोर तोंड आणलंत आणि म्हणालात, "घाई तुला झालती, त्याला न्हाई. आपली घाई दुसऱ्याच्या पाठीवर टाकू ने." मार खाल्ला असता तर मी विसरले असते. पंधरा दिवस संपले तेव्हा तुम्ही देशमुखांकडं जाऊन आणखी आठ दिवस मागून घेतलेत, आणि चूक तुमच्या स्वतःकडून झाली असं सांगितलंत. माझं नाव घेतलं नाहीत. बैल ओढा पार करून गेला, आणि पुढं कित्येक वर्षं देशमुखांची गाडी ओढत राहिला. मध्ये एकदा पावसाळाभर घरी बांधून ठेवला तर पुन्हा बुजला. देशमुखांचा गडी म्हणाला, आबा, तुमची विद्या फुकट गेली. तुम्ही म्हणालात, भ्या मरत न्हाई, झोपतं, उठलं की पुन्यांदा झोपवायचं. हेही पुस्तकात आहे बरं का. आज हे सांगताना माझा आवाज इतका चढला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या.

एवढं सगळं वर्गात सांगून झालं. आता जे सांगितलं नाही ते लिहिते. नवव्या वर्षी माझं लग्न झालं, बाराव्या वर्षी मी माजलगावकडं नांदायला गेले, आणि सहा महिन्यांत गाठीच्या तापानं नवरा गेला. मी पांढऱ्या पायाची ठरले. मागल्या बाजूला कडबा ठेवायची खोली होती, तिथं मला ठेवलं. बाहेरून कडी. कडी वाजली की कुणीतरी आत यायचं, आणि जे यायचं ते शिव्या तरी घेऊन यायचं नाहीतर लाकूड घेऊन. हे तुम्हाला मी कधी तोंडानं सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाहीत. कुठून तरी कानावर आलं आणि एका सकाळी तुम्ही गाडी जुंपून दारात उभे राहिलात, कुणाची परवानगी न घेता मला उचलून गाडीत बसवलंत. घरी आले तर माझी वाचा गेलेली. आपल्याच दाराची कडी वाजली तरी मी कणगीमागं जाऊन बसायची. आई रडायची, देवऋषी आणायची, अंगारे लावायची. शेजारणी म्हणायच्या लागीर झालंय. काकांनी तोवर केजकडचा एक बिजवर हुडकून ठेवला होता, दोन लेकरांचा बाप. दिवाळी झाली की पाट लावू आणि मोकळं होऊ, असं ते ओसरीवर बसून सांगत होते, आणि मी कणगीमागून ऐकत होते. मला एवढंच समजत होतं की पुन्हा एक दार, पुन्हा एक कडी. तुम्ही हातातला कासरा खाली ठेवलात. मग म्हणालात, "पोरीला लागीर न्हाई, ती बुजलीय. बुजल्या जनावराला जू लावत न्हाईत." काका म्हणाले, पोरगी म्हणजे काय जनावर आहे का. तुम्ही म्हणालात, जनावराचं तेवढं तरी कळतं मला.

त्यानंतर घरात एक नवंच सुरू झालं. तुम्ही बाहेरून आलात की कडी हळूच वाजवायची आणि आत आलात की माझ्या हातावर काहीतरी ठेवायचं, कधी भाजलेल्या शेंगा, कधी बोरं. आवाज इतका हळू की आधी मला तो कडीचा वाटायचाच नाही. दिवाळीपर्यंत कडी चांगली खणखणीत वाजायला लागली आणि मी कणगीमागं जायच्या ऐवजी हात पुढं करायला लागले. दिवाळी आली, गेली, काका फुगून बसले. मग तुम्ही मला धारूरच्या बाजाराला न्यायला लागलात. दोन कोस चालत. पहिल्या बाजाराला वेशीबाहेरच्या लिंबापाशी तुम्ही खाली बसलात. गुडघा धरलाय, पोरी, जरा टेकू, म्हणालात. आपण तिथंच भाकरी खाल्ली आणि परतलो. दुसऱ्या बाजाराला गुडघा वेशीच्या आत धरला. तिसऱ्याला कापूसवाल्यांच्या गल्लीत. पाचव्याला एका ओसरीसमोर, जिथं आतून पोरींचे पाढे ऐकू येत होते. पुण्याकडच्या एक विधवा बाई तिथं मुलींची शाळा चालवायच्या. सहाव्याला आपण थेट त्या ओसरीच्या पायरीवर जाऊन टेकलो. मला तुमची काळजी वाटायची. घरी गेल्यावर मी तुमच्या गुडघ्याला तेल चोळायची, आणि तुम्ही निमूट चोळून घ्यायचात.

सातव्या बाजाराला आत एक पोरगी साताच्या पाढ्यात अडकली. सात सक, सात सक, करत राहिली. दोन बाजार मी तोच पाढा बाहेरून ऐकलेला. माझ्या तोंडून गेलं, बेचाळीस. सासरहून आल्यापासूनचा तो माझा पहिला शब्द. मी तुमच्याकडं बघितलं, तर तुम्ही धारूरच्या किल्ल्याकडं बघत होता, जसं काही ऐकलंच नाही. आतून कडी वाजली आणि बाई दारात आल्या. मी पायरी घट्ट धरली, पण पळाले नाही. बाई म्हणाल्या, आत येतेस का. मी पुन्हा तुमच्याकडं बघितलं. किल्ल्यावरची नजर न काढता तुम्ही म्हणालात, "जा. मी हितंच हाय. गुडघा लई दुखतोय." आणि मी गेले. शाळा सुटेपर्यंत तुम्ही पायरीवर होता. वर्षभरानं काकांनी पुन्हा पाटाचं काढलं तेव्हा तुम्ही त्यांना उत्तर दिलं नाहीत, मला विचारलंत, आणि मी मोठ्यानं सांगितलं की मला शिकायचंय.

हे सगळं शिकवणं होतं हे मला कळलंच नव्हतं. कळलं औरंगाबादेला, मास्तरकीचं शिकताना, तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाल्यावर. हाच सशाचा धडा वाचत होते, आणि एकदम ध्यानात आलं की दुखऱ्या गुडघ्याचा माणूस बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दिवस मावळेपर्यंत नांगर धरत नाही. खरं सांगते, आधी राग आला. बापानं मला बैल समजून गुळावर शिकवलं आणि मी येडी तेल चोळत बसले. मेलेल्या माणसावर मी दोन दिवस रुसून होते, जेवले नाही. तिसऱ्या दिवशी मनात आलं, देशमुखांच्या बैलापायी तुम्हाला जोंधळ्याचं पोतं मिळालं होतं. माझ्यापायी मिळाले फक्त काकांचे टोमणे. आणि घाई सगळ्यांनाच होती, आईला होती, काकांना होती, तुम्हालाही असणार, तरी त्यातली रतीभर तुम्ही माझ्या पाठीवर पडू दिली नाहीत. आबा, अभिमान वाटतो हे आपल्या घरात कुणी कुणाला म्हणत नसे. मी म्हणते. मला तुमचा अभिमान वाटतो, इतका की पुस्तकातल्या त्या शहाण्यांची नावं पोरींना पाठ करायला लावताना जीभ अडखळते. त्यांनी ससा जवळ आणला, चांगलं केलं. पण आपला गुडघा धरलाय असं त्यांच्यातलं कुणी सात बाजार सांगत बसलं नसेल.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुम्हाला कुठं वाचता येत होतं, तुम्ही असता तरी ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि समोर बसून हे वाचायची माझी छाती झाली नसती. वहीतच राहू दे. एक मात्र कबूल करायचं राहिलं. तास संपताना गेवराईच्या पोरीनं हात वर केला. हुशार आहे, बोलताना खाली बघते. ती म्हणाली, बाई, बैलाचं कळलं, त्या परदेशातल्या लेकराचंही कळलं, पण आपल्याकडं एखाद्या बुजलेल्या मुलीला असं कुणी शिकवलेलं तुम्हाला माहीत आहे का. तिच्या विचारण्यात नुसतं कुतूहल नव्हतं, ते मला कळलं. वर्ग माझ्याकडं बघत होता, आणि माझ्या कानात ती जुनी कडी वाजली. मी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, नाही, माझ्या ऐकण्यात नाही.