अप्पांच्या सीटचं कापड

१३ मार्च २०१६, रविवार

गाडी आली एकदाची! जुनीच, पण आपली. शाळेतल्या भगवानराव सरांनी मोठी घेतली, म्हणून छोटी मला मिळाली. रंग चंदेरी, बाहेरून झकास. आत मात्र पार कळा गेलेली — छताचं कापड सुटून डोक्यावर लोंबतंय, सीटा उसवलेल्या, दारांच्या आतून सरांच्या नातवांनी पेनने रेघोट्या ओढलेल्या.

अप्पांनी काठी टेकत गाडीला प्रदक्षिणा घातली. मग दार उघडून सीटचं कापड अंगठा आणि बोटामध्ये धरून चोळलं. जन्म कापडाच्या दुकानात गेला, ती बोटं काही थांबत नाहीत. म्हणाले, "वरून बरी हाय, नीलू. आतून सगळं नवं कर. मलाच बसायचं हाय ना ह्याच्यात."

त्यांच्यासाठीच तर घेतली. आता आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिस सुरू होणार. एस.टी.चे धक्के त्यांना सोसवणार नाहीत. फेब्रुवारीत लातूरच्या डॉक्टरांनी त्यासाठी हातातली नस जोडून ठेवली, ती तयार व्हायला थोडे दिवस लागतात. नस आणि गाडी एकदमच तयार झाली की गंगेत घोडं न्हालं.

१५ मार्च

शाळा सुटल्यावर अप्पांना घेऊन देगलूर रोडला खय्यूमभाईंच्या दुकानात गेले. सीट कव्हरचे नमुने भिंतभर टांगलेले. खय्यूमभाई म्हणाले, "बाई, काला ले लेव. सब कालाच लेते."

मलाही काळाच आवडला. अप्पांनी खांद्यावरचं उपरणं सारून दंड त्या नमुन्यावर टेकवला आणि उचलला. पांढरे पट्टे उमटले! रोज सकाळी पूजेनंतर कपाळाला, दंडांना, छातीला भस्म लावल्याशिवाय हा माणूस उंबरा ओलांडत नाही. "एका दिसात गाडीच्या अंगाला बी भस्म लागंल," म्हणाले. खय्यूमभाई खो खो हसले. मीही. फार दिवसांनी हसलो आम्ही.

मोतिया रंग ठरला.

१९ मार्च

मोतिया रद्द. "धूळ दिसंल. धुवायला पानी कुटून आनतीस?" तेही खरंच. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले आठवत नाही. आज टँकर आला तेव्हा शेजारच्या गुरम्मा काकूंनी माझ्या घागरी रांगेत धरून ठेवल्या, नाहीतर मी वर्गावर असताना कोरडीच राहिले असते. अशात सीटा कोण धुणार?

२३ मार्च

आज राखाडी. नापसंत. "पोत न्हाई."

२७ मार्च, रविवार

छताचं कापड पांढरं ठरलं होतं, तेही बदललं. दारांना लाकडाच्या रंगाची पट्टी लावायची म्हणाले, मग म्हणाले नको, खोटं लाकूड कशाला. मी विचारलं, मग खरं आणू का?

संध्याकाळी ओट्यावर नेहमीची मंडळी. उदगीर जिल्हा होणार, एक मेला घोषणा होणार — लहानपणापासून ऐकतेय, पण यंदा सगळ्यांना फारच खात्री आहे. अप्पांनी लगेच तो धागा पकडला. "जिल्हा झाला तर गाड्यांचा नंबर बदलंल. मोठा दवाखाना हितंच व्हईल. लातूरला कशाला पळायचं? घाई कशाला करायलीस?"

म्हणे घाई! घोषणा झाली तरी दवाखाना एका रात्रीत उगवतो का? आई असती तर एका शब्दात गप्प केलं असतं. मला जमत नाही. मुलांना गणितात पैकीच्या पैकी मिळवून देते, घरातलं हे एक उदाहरण सुटत नाही.

३१ मार्च

डॉक्टरांचा फोन. नस तयार आहे, कधी येताय? मी म्हटलं, गाडीचं काम चालू आहे. बोलता बोलताच कानाला कसं तरी लागलं ते. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, गाडीचं राहू द्या. रिपोर्ट चांगला नाही. वाट्टेल त्याने या."

अप्पांच्या पायांवर सूज आहे. बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहतो. जेवण दोन घासांवर आलंय. जीप ठरवते म्हटलं तर म्हणाले, "ब्याड." एखादी गोष्ट नको म्हणजे नकोच असली की अप्पा कानडीत शिरतात. "आपली गाडी हुईपत्तर थांब."

म्हातारा सीटांचं कापड निवडत निवडत मरणार आहे! लिहिलं खरं. खोडत नाही. रागच आला आहे मला.

३ एप्रिल, रविवार

आता त्यांना विचारायचंच नाही. खय्यूमभाईंना सांगितलं — तुमच्याकडे असेल ते उत्तम बसवा, धूळ दिसू नये, कोरड्या फडक्याने पुसता यावं, बुधवारी गाडी द्या. ते म्हणाले, निलंग्याच्या एका साहेबाने मोठ्या गाडीसाठी माल मागवला होता, मग नेलाच नाही. गडद तपकिरी, एकदम मऊ. "अप्पाजी बैठेंगे तो उठेंगेच नई!"

छान. तेच बसवा म्हटलं. सुटले!

६ एप्रिल, बुधवार

काय दिवस गेला.

गाडी दारात आणली. आत नजर ठरेना, इतकी देखणी. छत कडक ताणलेलं, दारं नवीकोरी, सीटा घडीव. मी पुढचं दार उघडून म्हटलं, "बसा अप्पा. असेच लातूरला निघू. पिशवी भरून ठेवली आहे."

अप्पा वाकले. वास घेतला. बोट नुसतं टेकवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "हे कातडं हाय."

"असेना!"

"गळ्यात लिंग हाय माझ्या. कातड्यावर बसू?"

आणि माझा बांध फुटला. गल्ली गोळा झाली असेल, मला भान नव्हतं. म्हटलं, काळ्यावर भस्म दिसतं, पांढऱ्यावर धूळ दिसते, राखाडीला पोत नाही, जिल्हा व्हायचाय, नंबर बदलायचाय, आणि आता हे! रोज नवं कारण! जगायचं नाही का तुम्हाला?

अप्पा गाडीला टेकून उभे राहिले. दम लागला होता. म्हणाले, "आजवर सांगितली ती समदी कारनं व्हती. हे कारन न्हाई, नीलू. हे खरं हाय."

माझं इष्टलिंग मी कधीच गळ्यातून काढून देवघरातल्या डबीत ठेवलंय. म्हणून मेलं लक्षातच आलं नाही. लिंगायताची मुलगी, आणि बापासाठी कातड्याचं आसन करून आणलं!

घरात नेऊन बसवलं. मग विचारलं, "बाकीची कारणं कशासाठी?"

तुकड्यातुकड्याने सांगितलं. नसेचं ऑपरेशन झालं त्या दिवशी मी औषधं आणायला गेले होते, तेव्हा ते डायलिसिसच्या खोलीबाहेर बसले होते. "रेनापूरची एक पोरगी आलती. सुजलेली. नवऱ्यानं धरून आनली. सिस्टर म्हनली, टँकर आला न्हाई, उद्या या. तशीच परत गेली बग. एका मानसाला एका टायमाला पिंपभर पानी लागतंय म्हनं." मग म्हणाले, "मी पंच्याहत्तरी पार केली. तिच्या म्होरं जाऊन बसू? पाऊस पडला की जाऊ म्हनलं. तवर तुला काय तरी सांगत ऱ्हायलो."

म्हणजे महिनाभर हा माणूस कापड चोळत पावसाची वाट बघत होता. एप्रिलमध्ये!

रागवायला हवं होतं. रडूच आलं. त्यांच्या सुजलेल्या पायांशी बसून म्हटलं, "अप्पा, तुमच्या वाटणीचं पाणी वाचवून मी काय करू? आई गेल्यापासून या घरात मला हाक मारणारं कोण आहे दुसरं?"

माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "कातडं काढ. कापड मी निवडतो."

७ एप्रिल

निवडलं. एका मिनिटात! मातकट रंगाचं जाडं सुती कापड. धूळ दिसत नाही, भस्म उमटत नाही, उन्हाने तापत नाही. हेच ते, पहिल्याच दिवशी भिंतीवर टांगलेलं.

खय्यूमभाईंनी कातडं काढून घेतलं, वर तेच दिलगीर. "मेरेकू पूछना था बाई. अप्पाजी के गले का धागा मैं देखा था, दिमाग में नई आया." मी म्हटलं, मी तर पोटची मुलगी, माझ्याही नाही आलं.

गाडी शिवायला ठेवली. जीपने जाऊ म्हटलं तर अप्पा म्हणाले, "सोमवारी जाऊ म्हनलं ना. आपल्या गाडीत. सबद दिला तुला." सोमवारचीच वेळ मिळाली आहे दवाखान्यात. ठीक.

१० एप्रिल, रविवार

गाडी तयार. अप्पा रात्रभर नीट झोपले नाहीत, धाप लागते. सकाळ होऊ दे फक्त.

११ एप्रिल, सोमवार

गेलो आणि आलोही! मी सगळा रस्ता घट्ट स्टिअरिंग धरून. अप्पा शेजारी, बोटं सीटच्या शिवणीवर. "टाका सरळ हाय," एवढंच म्हणाले.

डॉक्टर माझ्यावर रागावले, रागवू देत. अप्पा आत जाताना सिस्टरला म्हणाले, "रेनापूरच्या पोरीचं झालं का?" सिस्टरने खोलीतल्या कोपऱ्याकडे बोट केलं. ती होती. मशीन लावलेलं, कुशीवर वळून झोपलेली. अप्पा उभ्या उभ्या तिच्याकडे बघत राहिले, मग निमूट आपल्या पलंगावर जाऊन पडले.

येताना चेहरा उजळलेला. वाटेत भूक लागली म्हणाले! घरी ज्वारीची अर्धी भाकरी खाल्ली. मी दार लावून पोटभर रडून घेतलं, आनंदाने.

१२ एप्रिल

आज लातूरला रेल्वेने पाणी आलं. मिरजेहून. टीव्हीवर दिवसभर तेच, स्टेशनवर बघ्यांची गर्दी. अप्पांना खुर्चीत बसवून दाखवलं. म्हटलं, आता तरी बिनघोर व्हा. त्यांनी डब्यांकडे बघून हात जोडले.

१३ एप्रिल

पायांची सूज थोडी उतरली. पण धाप आहेच. उद्या पुन्हा जायचं. जयंतीची सुट्टी आहे, रजा टाकायला नको.

१५ एप्रिल

काल मशीन लावायच्या आधीच अप्पा गेले. हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला होता.

ॲम्ब्युलन्सवाला स्ट्रेचर घेऊन आला. मी नको म्हटलं. आमच्यात माणसाला आडवं नेत नाहीत, बसवूनच मातीत ठेवतात, आणि अंग ताठरायच्या आत बसवावं लागतं. रेणापूरच्या मुलीच्या नवऱ्याने हात लावला. अप्पांना त्यांच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, उपरणं नीट केलं. मीच चालवत आणलं.

वाटेतल्या गावात जयंतीची मिरवणूक. गाड्या थांबवून लोक पाणी वाटत होते — या दुष्काळात, गार पाणी. एका माणसाने खिडकीतून दोन ग्लास आत दिले. म्हणाला, "बाबांना बी द्या, ऊन लई हाय."

मी दोन्ही प्यायले.